पिपेट दाबून दाबून अंगठा गेला... लॅबवाल्यांनो, तुमचं काय काय दुखतंय?

पूर्वभागातली | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय आणि तोही डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करून, कारण उजव्या अंगठ्याला आता मोबाईलसुद्धा सहन होईना.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन. सोलापुरातल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नऊ वर्षं झाली. सकाळी सातला फास्टिंगची गर्दी, अकरापर्यंत कलेक्शन, मग सेंट्रिफ्यूज, मग बायोकेमिस्ट्री, ती पण सेमी ऑटो मशीनवर म्हणजे सगळं हातानं, पिपेटनं (अंगठ्यानं दट्ट्या दाबून द्रव मोजून घ्यायची-सोडायची नळी). रिएजंट (तपासणीचं रसायन) १००० मायक्रोलिटर, सीरम (रक्तातलं वरचं पाणी) १० मायक्रोलिटर, मिक्स कर, दहा-पंधरा मिनिटं थांब, मशीनला दे, पुढची ट्यूब. दुपारनंतर स्मिअर आणि युरीन बघायला मायक्रोस्कोप. दोन महिन्यांपासून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला असं काही चमकतंय की दुधाची पिशवी उचलता येत नाही. परवा तर कुलपात किल्ली फिरवताना डोळ्यात पाणी आलं.

खरं सांगायचं तर मला स्वतःच्या दुखण्यापेक्षा अम्माचं बोलणं जास्त लागलं. आमची अम्मा तीस वर्षं बिड्या वळायलीय. मी हात शेकत बसले होते तर शेजारी येऊन तिनं माझा अंगठा दाबून बघितला, बरोब्बर दुखतं तिथंच, आणि म्हणाली, माझा पण इथंच दुखतो. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, तुला शिकवलं ते ह्यासाठी का?

त्या रात्री झोप नाही आली म्हणून हिशोब मांडला. दिवसाला ४५ पेशंट, सरासरी चार टेस्ट, म्हणजे १८० टेस्ट. प्रत्येक टेस्टला रिएजंट घेताना एकदा दाबायचं, सोडताना एकदा, सीरमचं तसंच दोनदा, वर टिप उडवायला एकदा. पाच झाले. १८० गुणिले ५ म्हणजे ९००. कंट्रोल, रिपीट, सीआरपी, वायडाल वगैरे धरलं की हजार. अम्मा पण दिवसाला हजार बिड्या वळते. हजाराला हजार!

लॅबच्या सरांना सांगितलं तर म्हणाले बाम लाव. तुमच्यापैकी कुणाला असं होतंय का? आणि काय केलंत?


भजी_सातरस्ता | रविवार, रात्री ११:१५

ताई बी१२ आणि डी३ तपासून घ्या. सोलापुरात ज्याचं बघावं त्याचं कमीच निघायलंय. माझं बी१२ १४० निघालं होतं, सुया घेतल्यावर मुंग्या गेल्या.


कडक_भाकरी | रविवार, रात्री ११:३२

राग येऊ देऊ नका पण आमच्या आज्ज्यांनी जात्यावर पायलीभर दळलं, चार घागरी पाणी भरलं, कुणाचा अंगठा गेला नाही. आता एसीत बसून एक बटण दाबायचं तरी दुखतंय. व्यायाम नाही कुणाला, दुसरं काय. सकाळी पार्क स्टेडियमला चार राऊंड मारा, सगळं जाईल.


पूर्वभागातली | रविवार, रात्री ११:४१

@कडक_भाकरी एसी मशीनला आहे ओ दादा. आम्हाला पंखा, आणि तोही स्मिअर वाळवायला लावला की आमच्याकडं पाठ करतो. उन्हाळ्यात ४३ डिग्रीला येऊन बघा एकदा.

आणि आज्जीचं काही दुखत नव्हतं हे आज्जीला कुणी विचारलं होतं का?


हाडमांस | सोमवार, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, विजापूर रोडला प्रॅक्टिस. बघितल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून पहिला संशय डी क्वेर्व्हेनचा येतो. अंगठा बाहेर काढणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन शिरा, शिरा म्हणजे रक्ताच्या नव्हे, स्नायूच्या दोऱ्या म्हणा, त्या मनगटाच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून जातात. सारखं सारखं तेच काम झालं की बोगद्याचं अस्तर जाड होतं आणि दोरी घासायला लागते. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेननं १८९५ मध्ये ह्याचं वर्णन केलं, म्हणजे आजार काही मोबाईलमुळं जन्माला आलेला नाही. लहान बाळ असलेल्या आयांना पण होतो, बाळाला काखेत धरून सारखं उचलतात म्हणून.

घरी बघायचं तर अंगठा मुठीत घ्या, मूठ बंद करा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी चर्रकन कळ आली तर संशय पक्का. हळूच म्हणतोय, कारण जोरात केलं तर धडधाकट माणसाला पण दुखतं. (सगळे ह्याला फिंकेलस्टाइन टेस्ट म्हणतात, ती खरं म्हणजे आयखहॉफची. फिंकेलस्टाइनमध्ये तपासणारा स्वतः अंगठा धरून ओढतो. असो, आमच्या धंद्यातला जुना वाद आहे.)

मुंग्या असतील तर गोष्ट वेगळी. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर, रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, तर ते कार्पल टनेल. करंगळीच्या बाजूला मुंग्या असतील तर कोपरापाशी नस दबतेय, ओट्याच्या कडेवर कोपर टेकवून मायक्रोस्कोप बघणाऱ्यांना हे होतं. तुमचं दुखणं कुठल्या खोलीतलं ते आधी ठरू द्या, मग औषध. बाम तिन्हीला सारखाच, म्हणजे निरुपयोगी. वास छान येतो एवढंच.

आणि एक विचारू का? तुम्ही लॅबमध्ये काम करता. स्वतःचं टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि शुगर शेवटचं कधी केलंत? थायरॉइड कमी असेल किंवा शुगर असेल तर कार्पल टनेल जास्त होतं. बी१२ वाले भाऊ अगदीच चुकीचे नाहीत, पण बी१२ नं मुंग्या येतील, अंगठ्याच्या एका ठराविक ठिकाणी किल्ली फिरवताना कळ नाही येणार.


पूर्वभागातली | सोमवार, सकाळी ७:५५

सर मूठ करून बघितली. आई गं.

टीएसएच... नऊ वर्षांत एकदाही नाही 🙈 रोज दुसऱ्यांचे वीस लावते.


स्लाइडवाला_अण्णा | सोमवार, दुपारी १:१०

मुली, मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत लॅब टेक्निशियन होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आमच्या सुरुवातीच्या काळात असले पिपेट नव्हते, काचेची नळी आणि तोंडानं ओढायचं. साहलीच्या नळीत २० पर्यंत रक्त ओढायचं, आरबीसीच्या पिपेटमध्ये लाल मणी असायचा, डब्ल्यूबीसीच्यात पांढरा. अंगठा शाबूत राहिला पण तोंडात काय काय गेलं ते सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. हे दट्ट्याचं पिपेट जर्मनीत मारबुर्गला श्निटगर म्हणून डॉक्टर होता त्यानं तोंडानं ओढायला कंटाळून १९५७ ला काढलं म्हणे. तोंड वाचलं आणि दुखणं अंगठ्यावर आलं.

माझं मात्र मानेचं आहे. टीबीच्या स्लाइडी. झेडएन (टीबीचे जंतू रंगवायची रीत) केलेली एक स्लाइड निगेटिव्ह म्हणायची तर ऑइल इमर्शनखाली शंभर फील्ड बघावी लागतात. एका माणसानं दिवसात पंचवीसच्या वर बघू नयेत असं ट्रेनिंगला शिकवलेलं, ते डोळे थकून जंतू सुटू नयेत म्हणून, आमच्या मानेसाठी नव्हे. पण शेजारच्या टेबलचा माणूस रजेवर गेला की पंचवीसचे चाळीस व्हायचे, कोण मोजतंय. मायक्रोस्कोप खाली, स्टूल उंच, मी असा कासवासारखा मान पुढं काढून. डॉक्टरांनी एक्सरे बघून विचारलं, शिलाई मशीनवर काम करता का?

एक गोष्ट मात्र शेवटच्या आठ-दहा वर्षांत केली आणि ती आधी केली असती तर बरं झालं असतं. मायक्रोस्कोपखाली जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवला. चार इंच. डोळे आयपीसला यायला पाहिजेत असं नाही, आयपीस डोळ्यांपाशी यायला पाहिजे. साहेब म्हणाले रेकॉर्डचा अपमान आहे, मी म्हणलं ह्या रजिस्टरांचा उपयोग पहिल्यांदाच होतोय.


फॅट_साडेतीन | सोमवार, दुपारी ३:४५

मी दूध संकलन केंद्रावर टेस्टिंगला होतो, पंढरपूर रोडला. आता मशीन आलं, नळी बुडवली की फॅट एसएनएफ स्क्रीनवर, पण आधी गर्बर (फॅट मोजायची जुनी पद्धत) होतं. १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावायचं आणि हलवायचं. ब्युटिरोमीटर (ती काचेची नळी) तापतो, फडक्यात गुंडाळून धरायचा, उलटा सुलटा करायचा, सकाळी सत्तर संध्याकाळी सत्तर. उजवा खांदा अजून वर जात नाही, शर्ट घालताना आधी उजवा हात घालावा लागतो. बायको म्हणते नखरे.


गाळपहंगाम | सोमवार, रात्री ९:३०

साखर कारखान्यातल्या लॅबवाल्यांना पण ह्यात घ्या की राव. आम्हाला कुणी लॅबवाले समजतच नाही, शेतकरी म्हणतो काटा मारणारे, मालक म्हणतो रिकव्हरी (उसातून निघणारी साखर) का पडली.

हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून पार मार्चपर्यंत आठ-आठ तासांच्या पाळ्या. मिलपासून रसाचे कॅन उचलून जिना चढून वर लॅबला, लोखंडी जिना, रस सांडून चिकट झालेला. ब्रिक्सला (रसाचा गोडवा मोजायला) हायड्रोमीटर उंच नळकांड्यात, त्याचं रीडिंग डोळ्याच्या रेषेत घ्यायचं म्हणून अर्धं वाकून उभं राहायचं, ना धड बसलेला ना उभा. मग पोलरीमीटरला एक डोळा मिटून. कंबर जाते ती त्या अर्ध्या वाकण्यानं. आणि बंद हंगामात दुखणं आपोआप कमी होतं, म्हणून घरचे म्हणतात काम आलं की ह्याचं दुखणं येतं. अरे तेच तर सांगतोय!


हाडमांस | सोमवार, रात्री १०:०५

@गाळपहंगाम, तुमचं शेवटचं वाक्य मी पेशंटना समजावताना वापरणार आहे. काम आलं की दुखतं, सुट्टीत थांबतं, हीच खूण आहे की दुखणं कामातून येतंय. लोक ती खूण कामचुकारपणाची म्हणून वाचतात. नळकांडं वर उचलता येत नसेल तर त्याखाली एक ठोकळा ठेवा, रेषा डोळ्यापर्यंत येऊ दे.


लॅबमालक_जुळे | मंगळवार, सकाळी ११:२०

धागा वाचला. मी पलीकडच्या बाजूचा, जुळे सोलापूरला माझी छोटी लॅब आहे, दोन टेक्निशियन. मालकाला शिव्या घालायच्या आधी थोडं ऐका. फुल्ली ऑटो ॲनालायझर घ्यायचा तर दिवसाला तेवढे सॅम्पल पाहिजेत. मोठ्या चेनच्या लॅब पॅकेज काढतात, अमुक इतक्या टेस्ट इतक्या रुपयात, त्या भावात माझं रिएजंट पण निघत नाही. इलेक्ट्रॉनिक पिपेट चांगलं असतं मान्य, किंमत बघितली का?

आणि मी पण टेक्निशियन होतो, माझी पण कंबर गेलीय, होम कलेक्शनला. बाजेवर झोपलेला म्हातारा पेशंट, बाज गुडघ्याएवढी, एका हातानं त्याचा हात धरायचा, एका हातानं सुई, आणि शीर सापडेपर्यंत वाकून. दिवसाला दहा घरं. बाईकवर हैदराबाद रोडचे खड्डे वेगळे.


पूर्वभागातली | मंगळवार, दुपारी २:३०

@लॅबमालक_जुळे सर, शिव्या नाही घातल्या. पण मशीन मागतच नाहीये कुणी. माझ्या लॅबमधला ओटा कडाप्प्याचा, किचन ओट्यासारखा, उभं राहून काम करायच्या उंचीचा, आणि खाली कपाटं. बसायला स्टूल दिलंय पण गुडघे घालायला जागाच नाही, म्हणून आम्ही दोघी नऊ वर्षं तिरक्या बसतो, पाय एका दिशेला, हात दुसऱ्या. ह्याला किती खर्च आहे? कपाटाचं एक दार काढायचं.


लॅबमालक_जुळे | मंगळवार, दुपारी ३:०५

...माझ्याकडे पण कपाटंच आहेत.

सुताराला फोन करतो.


हाडमांस | मंगळवार, रात्री ९:५०

हे बघून बरं वाटलं. पिपेटबद्दल लिहायचं राहिलं होतं. स्वीडनमध्ये लॅब टेक्निशियन बायकांवर एक अभ्यास झाला होता, १९९४ ला छापून आला, त्यात वर्षाला ३०० तासांच्या वर पिपेट चालवणाऱ्यांमध्ये हाताची आणि खांद्याची दुखणी वाढलेली दिसली. ३०० तास ऐकायला खूप वाटतात. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरा, दिवसाला एक तास झाला. आपल्याकडं एका तासात कुणाचं आटपतं?

आता बिनपैशाच्या गोष्टी. टिप लावताना पिपेट बॉक्सवर ठोकू नका. निम्म्या लोकांना सवय असते, दण दण दण, आणि जेवढी ठोकून बसवाल तेवढा जोर ती उडवताना अंगठ्यालाच लागतो. पिपेट मुठीत आवळून धरू नका, वरची आकडी बोटावर टेकवून लटकू द्या. ट्यूबचा स्टँड आणि वापरलेल्या टिपा टाकायचा डबा जवळ आणि बुटका पाहिजे. डबा उंच असला की प्रत्येक टिपेला खांदा उचलावा लागतो, १८० वेळा खांदा उचलून बघा. दट्ट्या जड झाला असेल तर पिपेट उघडून साफ करून ग्रीस करून घ्या, कॅलिब्रेशनला (माप तपासायला) जातं तेव्हा सांगितलं तर करून देतात, नुसता कागद घेऊन परत आणू नका.

आणि रिएजंटचं १००० मायक्रोलिटर पिपेटनं घेऊच नका. बाटलीवर बसवायचा डिस्पेन्सर मिळतो, किंवा एकदा भरून अनेकदा सोडणारं पिपेट. मात्र किटची बाटली बसते का आणि माप बरोबर पडतं का ते तपासूनच वापरा. ताई, तुमच्या ९०० मधले ३६० दाब तिथंच गेले.


भजी_सातरस्ता | मंगळवार, रात्री १०:१०

सर हिशोबाला पक्के आहेत 😄


कडक_भाकरी | बुधवार, सकाळी ८:१५

एक कबूल करतो. रविवारी लिहिलं त्यानंतर घरात आईला विचारलं, आज्जीचं काही दुखायचं का म्हणून. आई म्हणाली, तुझी आज्जी शेवटची दहा वर्षं उजव्या हातानं घास तोंडाशी नेऊ शकत नव्हती, डाव्यानं जेवायची, पाहुण्यांसमोर लाज वाटायची म्हणून आत बसून जेवायची. मला वाटायचं ती डावखुरी होती.


स्लाइडवाला_अण्णा | बुधवार, दुपारी १२:४०

भाकरी, बरं केलंस विचारलंस.

पोरांनो अजून एक, फुकटची युक्ती. ओट्याची कड मनगटाच्या खालच्या बाजूला रुतते ना, तिथं टर्किश टॉवेलची चौपदरी घडी ठेवा. टॉवेलच्या गावात राहतो आपण आणि हात दगडावर घासतो. फक्त रोज बदला आणि ब्लीचच्या पाण्यात भिजवा, रक्त सांडतं तिथं. नाहीतर रेक्झिनची पट्टी बरी, पुसता येते.


भजी_सातरस्ता | बुधवार, संध्याकाळी ६:२०

रजा मिळते का पण ह्याला? म्हणजे ईएसआयमधून (कामगार विमा) वगैरे?


लॅबमालक_जुळे | बुधवार, रात्री ८:००

पगार २१,००० पर्यंत आणि संस्था ईएसआयखाली नोंदलेली असेल तर आजारपणाची रजा पैशांसकट मिळते, ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. पण दोन-चार माणसांच्या लॅब त्यात येतच नाहीत, आणि सोलापुरात निम्म्याहून जास्त लॅब दोन-चार माणसांच्याच असाव्यात. माझी पण. माझ्याकडं रजा म्हणजे मी पिपेट हातात घेणं.


पूर्वभागातली | रविवार, रात्री ९:३५ (तीन आठवड्यांनी)

अपडेट देते, बऱ्याच जणांनी विचारलं.

ऑर्थोकडं गेले, डी क्वेर्व्हेनच निघालं. अंगठा धरून ठेवणारा पट्टा दिलाय, बर्फ, पाच दिवस गोळ्या, आणि नाहीच थांबलं तर तिथं एक स्टेरॉइडचं इंजेक्शन म्हणालेत, सध्या थांबलेय. टीएसएच ९.२, म्हणजे थायरॉइड कमी! ती गोळी वेगळी सुरू झाली. माझा रिपोर्ट मीच लावला, मीच दोनदा रिपीट केला, विश्वास बसेना.

सरांशी बोलायला घाबरत होते. मग भांडायचं नाही असं ठरवून फक्त हिशोबाचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, ९०० वाला. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, हे खरंच मोजलंस? डिस्पेन्सर आलाय. कपाटाचं दार मात्र अजून आहे, म्हणे गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) झाल्यावर बघू, आत्ता सुतार मिळत नाहीत. मायक्रोस्कोपखाली रजिस्टरं आम्ही न विचारताच ठेवली (अण्णा, नमस्कार घ्या). मी आणि दुसरी ताई आता वाटून करतो, दोन तास ती पिपेट मी मायक्रोस्कोप, मग उलट. आधी एकीनं सगळं एकच करायचं असं का होतं ते आठवत पण नाही.

अंगठा साठ टक्के बरा म्हणा. किल्ली फिरते, दुधाची पिशवी अजून डाव्या हातात.

हाडमांस सर, एक विचारायचंय. अम्माला पण तोच पट्टा आणला मेडिकलमधून, पण तो घातला की बिडी वळता येत नाही, अंगठा हलल्याशिवाय पान गुंडाळणार कसं. ती रात्री झोपताना घालते आणि सकाळी काढून सूप मांडीवर घेते. नुसतं रात्री घालून काही फरक पडतो का? आणि ती खाली बसून, पाठीला टेका न देता सात-आठ तास बसते, तिला काय सांगू? लॅबचं स्टूल बदलता येतं, जमिनीचं काय करायचं?


हाडमांस | रविवार, रात्री १०:२०

रात्रीचा पट्टा थोडा फायदा देतो, चालू ठेवा. पाठीसाठी भिंतीला टेकून बसू द्या, बुडाखाली जाड उशी किंवा घडी घातलेली चादर, गुडघ्यांपेक्षा कंबर थोडी वर यायला पाहिजे. सूप मांडीवरून उचलून बुटक्या पाटावर ठेवता आलं तर मान कमी वाकेल. दर शंभर बिड्यांना एकदा उठायचं, पाणी प्यायचं निमित्त करून.

पण त्यांना घेऊन या एकदा. हात बघितल्याशिवाय ह्यापुढं सांगणं बरोबर नाही. गुरुवारी दुपारी गर्दी नसते.


पूर्वभागातली | रविवार, रात्री १०:३१

गुरुवारी नको म्हणते सर, कारखान्यात बिड्या द्यायचा दिवस आहे. शुक्रवारी आणते.